समासात

रावपुऱ्यात, टॉवरच्या मागच्या गल्लीत,
सांधेदुखीचा दवाखाना आणि तोही दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद.
तिथं बाकाशेजारी मी बसते, पॅड आणि पेन्सिल घेऊन.
डॉक्टर मजमुदारांच्या खोलीत जाण्याआधी
प्रत्येकाला एक कागद द्यायचा,
आणि ज्यांच्या बोटांत पेन्सिल ठरत नाही
त्यांचे गोल मी करायचे.

आधी कागद नव्हता.
आत गेलं की डॉक्टर विचारायचे, केम छो?
आणि बडोद्यात याला उत्तर एकच असतं.
मजामां.
मनगट वांग्यासारखं सुजलेलं, तरी मजामां.
उशी बदलून बदलून पहाट झालेली, तरी मजामां.
त्या मजामांवर पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून व्हायच्या.

आता कागद विचारतो,
गेल्या सात दिवसांत नळ घट्ट बंद करता आला का?
वेणी घालता आली? जिना चढता आला?
सहज, जरा त्रासानं, फार त्रासानं, नाहीच.
खाली एक आडवी रेघ, शून्य ते दहा.
दुखणं जिथं आहे तिथं फुली.

जसुभाई म्हणाले, बेन, कुठल्या दिवसाचं लिहू?
मंगळवारी दुखलं नाही. मंगळवारी मुलीचा फोन होता.
सकीनाबेननं दोनवर फुली केली, मग हळूच,
आहे आठ, पण साहेबांना वाईट वाटेल,
एवढी महाग सुई दिली त्यांनी.
एक गृहस्थ बायकोच्या कागदावर भराभर गोल करत सुटले,
ती शेजारीच, हात पदराखाली.
मी दुसरा कागद आणून तिच्या मांडीवर ठेवला.
तिनं अर्धा तास घेतला. तिचा नंबर दोनदा मागे टाकावा लागला.

मराठीत विचारायचं तर माझीच पंचाईत.
ठणकतंय म्हणजे किती? सलतंय ते तीन की चार?
एक आजी म्हणाल्या, दुखत नाही गं, नुसतं ठुसठुसतं,
आणि सकाळी हात माझे नसतातच, दहाला परत येतात.
मी सहा लिहिलं. अजून खात्री नाही.

प्रमिलाताई खानविलकर, दांडिया बाजार.
वर्षात चार कागद.
जिना: नाहीच. जिना: फार त्रासानं. फार त्रासानं.
आणि परवा: सहज.
रक्ताचा रिपोर्टही उतरलेला.
मी विचारलं, ताई, जिना सहज?
हो गं, म्हणाल्या, चढतच नाही आता.
इथं आज लिफ्ट चालू होती म्हणून आले.
पलंग खाली आणला, कपाट खाली आणलं.
उत्तरायणाला गच्चीवर फिरकी मीच धरायची, चाळीस वर्षं,
यंदा सुनेनं धरली. खालून ऐकू येतं सगळं.
बांगड्यांचंही तेच. काढून ठेवल्या,
मग घालायचा त्रास कसला?

गोल बरोबर होता. खोडायचा मला अधिकार नाही.
मी समासात बारीक लिहिलं,
चढत नाही म्हणून.

डॉक्टरांनी संगणकावरची उतरती रेघ पाहिली,
खूश झाले, गोळी कमी करायला पेन उचललं.
मी दारातच उभी होते, ताईंची पिशवी धरून.
मग त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, तिरका केला.
माझं अक्षर वाईट आहे.
बराच वेळ गेला.
केम छो नाही विचारलं. विचारलं,
गच्चीला पायऱ्या किती?

ताई डोळे मिटून मोजायला लागल्या.
अकरा, मग वळण, तिथं दिराच्या सायकलचं चाक पडलेलं असतं,
मग नऊ,
आणि शेवटची उंच आहे, ती धरू नका,
ती लग्न होऊन आले तेव्हाही मला
हात देऊनच चढवली होती.

बाहेर जसुभाईंचा नंबर लागला होता.
मी हाक मारली नाही.